टोप्यांची वाट पाहणारी उघडी डोकी

यंदा होळी विझली न विझली तोच वणीच्या बसस्टँडबाहेर दोरीवर लहान मुलांचे गॉगल लटकले. लाल, निळे, गुलाबी. एकाच्या फ्रेमला तर सशाचे कान. मी एक हातात घेऊन आकाशाकडे धरला. विकणारा म्हणाला, "घ्या काका, एकदम काळा हाय, ऊन दिसतच नाई." ऊन दिसत नव्हतं हे खरं. बाकीही काही दिसत नव्हतं. नुसती काळी काच लावली की डोळ्याची बाहुली अंधार पडला असं समजून मोठी होते, आणि काचेनं न अडवलेले किरण उघडं दार मिळाल्यासारखे आत शिरतात, हे मला फार वर्षांपूर्वी एका डोळ्यांच्या डॉक्टरनं समजावलं होतं. मी ते त्या माणसाला समजावत बसलो. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग सशाचा देऊ का?"

उन्हाळा लागला की मी असा होतो. एरवी मी बरा माणूस आहे, निदान शोभा, म्हणजे माझी बायको, पाहुण्यांना तसं सांगते. पण होळीनंतर मला दुपारच्या सभा, उघड्यावरचे सत्कार, कमानीवर झेंडूच्या माळा आणि त्या कमानीखाली ताटकळणारी लेकरं यांचा इतका वैताग येतो की पेपरात तसा फोटो दिसला तरी मी पेपर घडी करून ठेवतो. शोभा म्हणते, "कूलरात पाणी भरा आन् गप पडून रहा. जगाचं ऊन तुम्ही एकटे कायले अंगावर घेता?"

पुण्याचे आमचे एक नातेवाईक दरवर्षी फोनवर सांगतात की त्यांच्याकडेही यंदा फार उकडतंय. मी 'हो का' म्हणतो. आमच्याकडे उकडत नाही. आमच्याकडे भाजतं. कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या उपटून मोकळी झालेली काळी शेतं दुपारी नुसती थरथरताना दिसतात. दाराच्या कडीला हात लावण्याआधी पदर घ्यावा लागतो. आणि लोक म्हणतात तसा त्या उन्हाचा रंग पिवळा नसतो, पांढरा असतो. रस्ता पांढरा, आभाळ पांढरं, समोरून येणारी बस जवळ येईपर्यंत पांढरी.

या उन्हाशी बोलायला आमच्याकडे एकच भाषा आहे, ती कापडाची. सुती दुपट्टा माठाच्या पाण्यात बुडवायचा, पिळायचा, कपाळावरून घेऊन कानामागून आणायचा, नाकावरून एक फेरा आणि मागे गाठ. म्हातारा असो, नवी सून असो, तलाठी असो, सगळे सारखेच गुंडाळलेले. एप्रिल-मेमध्ये आमच्या गावात माणसं एकमेकांना चालीवरून ओळखतात. खिशात एक कांदाही ठेवतात. त्यानं ऊन लागत नाही म्हणतात. लागत असेल-नसेल, माणूस मात्र वासावरून सापडतो.

फार वर्षांपूर्वी मी वणीजवळच्या मुकुटबनपासून आत असलेल्या एका गावात पोस्टात होतो. आमची मुलगी पौर्णिमा तेव्हा दुसरीत होती. ती जन्मली तेव्हा सुईणीनं तिला दोनदा पुसलं, कारण तिला वाटलं अंगावरचं पांढरं अजून निघायचंय. ते निघणारं नव्हतं. केस कोवळ्या मक्याच्या कणसासारखे, पापण्यासुद्धा पांढऱ्या, आणि डोळे उजेडात सारखे हलायचे. यवतमाळच्या डॉक्टरनं सांगितलं की तिच्या कातडीत आणि डोळ्यांत रंगच तयार होत नाही. आपल्या कातडीतला रंग हीच आपली छत्री, ती या मुलीकडे नाही. "चष्म्यानं नजर फार वाढणार नाही," तो म्हणाला, "पण झगमगाट कमी केलात तर आहे ती नजर तिच्या कामाला येईल. आणि कातडीला ऊन लागू द्यायचं नाही. कधीच नाही. एकदा भाजलं तरी पुढे महागात पडू शकतं."

'कधीच नाही' हे यवतमाळ जिल्ह्यात राहणाऱ्या बापाला सांगणं सोपं आहे.

शोभानं ते पाळलं. जुन्या सुती लुगड्याचे दुहेरी तुकडे शिवले. कपाळावरच्या घडीत बांगड्यांच्या खोक्याचा पुठ्ठा घालून डोळ्यांवर छोटासा छज्जा काढला. पूर्ण बाह्यांचे झगे, पायात मोजे. पोरगी सकाळच्या शाळेला निघाली की एखाद्या पार्सलासारखी दिसायची, आणि पोस्टातल्या माणसाला त्यात काही वावगं वाटलं नाही. शाळेत ती खिडकीकडे पाठ करून बसायची. फळ्यावरचं दिसायचं नाही म्हणून कानानं शिकायची. पाढे वर्गात सगळ्यांत आधी तिचे पाठ.

लोकांची मात्र पंचाईत व्हायची. ज्या गावात गोरं करणाऱ्या क्रीमच्या ट्यूबा पानटपरीवर मिळायच्या, त्या गावाला खरोखरची पांढरी मुलगी पाहून धसका बसायचा. म्हाताऱ्या म्हणायच्या, "तुमची पोरगी तं इंग्रज हाय जी." पोरं 'भुरी' म्हणायची. आमच्याकडे पोरींना उन्हात जाऊ देत नाहीत, हे मी लहानपणापासून पाहत आलोय. पण कारण काय, तर 'काळी पडशील'. म्हणजे काळजी कातडीची नाही, कातडी पाहायला येणाऱ्यांची. पोरगा दिवसभर उन्हात गोट्या खेळला तर तो धट्टाकट्टा. पोरगी विहिरीपर्यंत गेली तर तिच्या लग्नाचं कसं होणार. सूर्याला यातला भेद कळत नाही, हे कोणी लक्षात घेत नाही.

ती कापसाची वाईट वर्षं होती. त्या वर्षांत आमच्याकडे पाहुणे फार यायचे. आधी पेपरवाले आले, मग अभ्यास करणारे, मग पेपरवाल्यांचं वाचून साहेब लोक. गाड्यांची रांग धूळ उडवत यायची, एखाद्या घरापुढं थांबायची, आतून पाण्याच्या बाटल्या घेऊन माणसं उतरायची आणि काही वेळानं दुसऱ्या गावाला जायची. पाहुणे काहीतरी देऊनही जायचे. एका चमूनं गावाला माठ दिले. आमच्या गावात कुंभार होता. एकानं झाडं लावली, ती वैशाखात. आणि त्या उन्हाळ्यात कोणाच्या तरी डोक्यात आलं की या भागातल्या लेकरांचं उन्हापासून रक्षण केलं पाहिजे.

कल्पना चांगली होती, हे मी आधीच मान्य करतो. उन्हात काम करणाऱ्या आयांच्या मागे बांधावर खेळणारी लेकरं, त्यांचे लाल डोळे, फुटलेले ओठ आम्ही रोज पाहत होतो. कोणी काही करणार असेल तर नको कशाला म्हणायचं? हेडमास्तर पोस्टात आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर मुंज ठरल्यासारखा आनंद होता. शाळेतल्या सगळ्या मुलांना टोप्या आणि गॉगल मिळणार होते. मोठे साहेब स्वतः येऊन घालणार होते.

"आन् पहिली टोपी आपल्या पौर्णिमाले," ते म्हणाले. "तुमची पोरगी म्हणजे या कार्यक्रमासाठीच बनली समजा. फोटोत अशी उठून दिसन का विचारू नका."

"सर, तिला उन्हात उभं करता येत नाही."

"अहो, कायले उभं करू? मंडप हाय. ते मंडपात बसन. माझा शब्द हाय जी."

शब्द खरा होता. मंडपही खरा होता. कार्यक्रम सकाळी लवकर आहे असं त्यांनी सांगितलं, तेही त्यांना तसंच सांगितलं गेलं होतं. शोभा वणीला तिच्या आजारी आईकडे गेली होती, म्हणून त्या दिवशी पुठ्ठ्याचा छज्जा मी बसवला, दुपट्टा मी भिजवला, आणि पोरीला शाळेत सोडून पोस्टात गेलो. डाकेची थैली आली, मनीऑर्डरी आल्या, मी शिक्के मारत बसलो. दुपार चढली तसं शाळेच्या बाजूनं लाउडस्पीकरवर पुन्हा पुन्हा एकच ऐकू येऊ लागलं. "मुलांनो, शिस्तीत उभे राहा. गाडी फाट्यावर आलेली आहे."

गाडी फाट्यावर येऊन गावात पोचायला बैलगाडीलासुद्धा इतका वेळ लागत नाही. मी टेबल बंद केलं.

शाळेच्या फाटकाशी चांदबी उभी होती. तिचा नवरा फाट्यावर मोटारसायकली दुरुस्त करायचा, आणि तिची धाकटी पौर्णिमाच्याच वर्गात होती. मला पाहताच म्हणाली, "पोस्टबाबू, देखो जरा मास्टर लोकाइचं डोकं. सकाळपासून पोट्ट्याइले सेकून राह्यले, पापडासारखं."

मी आत पाहिलं. मैदानात पोरं रांगेत उभी होती, पहिलीपासून सातवीपर्यंत, आणि सगळ्यांची डोकी उघडी होती. एकाच्याही डोक्यावर फडकं नव्हतं. आयांनी भिजवून बांधलेले दुपट्टे, लुगड्याचे तुकडे, बापाचे रुमाल, सगळं ऑफिसच्या व्हरांड्यात ढीग करून ठेवलं होतं. व्हरांड्यात छान सावली होती. कापडं सावलीत आणि लेकरं उन्हात. पलीकडे मंडप होता, वर पांढरं-केशरी कापड, खाली गालिचा, गालिच्यावर फुलांच्या माळा लावलेला सोफा आणि त्या सोफ्यावर कोणी नाही.

पौर्णिमा सगळ्यांत पुढं होती. मान खाली, दोन्ही हात डोळ्यांवर. मानेची कातडी उकडलेल्या बिटासारखी झाली होती.

पीटीचे सर शिटी घेऊन फिरत होते. मी विचारलं, "फडकी काहून काढली?"

"वा जी! साहेब टोपी कशावर घालतीन? फडक्यावर?" त्यांना माझ्या प्रश्नाचंच आश्चर्य वाटलं. "आन् पाहुण्यापुढं तोंड बांधून उभं राहत असते का कोणी? डाकू दिसते मंग पोट्टे."

इतका सरळ तर्क होता तो. टोपी मिळायची असेल तर डोकं उघडं हवं, आणि टोपी येईपर्यंत ते उघडंच राहणार. उन्हापासून वाचवणाऱ्या माणसाचा मान राखायला उन्हापासून वाचवणारं कापड काढून ठेवायचं. कोणी दुष्ट नव्हतं यात. त्या पीटीच्या सरांनी आदल्या दिवशी स्वतःच्या पैशानं चुना आणून रांगा आखल्या होत्या.

मी पोरीला जवळ घेतलं आणि माझी सावली तिच्यावर पडावी म्हणून उन्हाकडे पाठ करून उभा राहिलो. चैत्रातल्या त्या दुपारी माणसाची सावली त्याच्या चपलांपुरतीच असते. ती लेकराला पुरत नाही. मग मला जे दिसलं तेच मी केलं. तिला उचललं, मंडपात नेलं आणि सोफ्यावर बसवलं.

"अहो! अहो, ते साहेबाची जागा हाय!" पीटीचे सर शिटी फुंकायचं विसरून धावत आले.

"साहेब आले की उठेल ती."

"फुलं खराब होतीन जी!"

"फुलांना काय, ती सावलीतच आहेत."

हेडमास्तर आले. त्यांची टोपी त्यांनी शिष्टाचार म्हणून काढून ठेवली होती, आणि टकलावर फोड यायच्या बेतात होते. ते सकाळपासून पोरांबरोबरच उभे होते हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. हात जोडून म्हणाले, "पोस्टमास्तर, पाच मिनिटं. गाडी फाट्यावर आली. माझी बदली गडचिरोलीकडं करतीन जी ते लोक."

"सर, तुम्ही शब्द दिला होता मंडपाचा."

"मले काय माहीत मंडप निस्ता पाहायसाठी हाय!"

मागून चांदबीचा आवाज आला. ती फाटकातून आत आली होती आणि रांगेतून सरळ चालत होती. "ए रेश्मा! चल मंडपात. अरे, चला रे सगळे! पोस्टबाबूची बसली तं तुमाले कोण धरून राह्यलं? गालिचा का बापाचा हाय यांच्या?" एक पोर हललं, मग रांग हलली. चुन्याच्या रेघा पुसत सगळी शाळा मंडपात घुसली. खुर्च्यांखाली, सोफ्याच्या पाठीवर, माइकच्या खांबाला धरून. कोणीतरी माइकमध्ये हुंकारलं आणि लाउडस्पीकरवरून ते गावभर गेलं. एक-दोन पोरांना उलटी झाली. चांदबी माठातलं पाणी लोट्यानं पोरांच्या डोक्यावर ओतत होती. त्या सकाळपासून त्या मैदानावर कोणी लेकरांसाठी काही केलं असेल तर ते हेच.

आणि तेवढ्यात गाडी फाट्यावरून खरोखरच आली.

पुढचं मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. पुढून आलेल्या शिपायांनी पोरांना मंडपाबाहेर हाकललं. साहेब उतरले. त्यांच्या डोक्यावर सुती पंचा होता, डोळ्यांवर चांगल्या दुकानातला चष्मा, आणि मागून एक माणूस त्यांच्यावर छत्री धरून चालत होता. उन्हापासून कसं वाचावं हे त्यांना उत्तम कळत होतं. मी पौर्णिमाला सोफ्यावरून उचलत होतो, तर त्यांच्याबरोबरचा एकजण म्हणाला, "राहू द्या, राहू द्या, हीच ना ती?" साहेबांनी तिची हनुवटी धरून तोंड वर केलं, टोपी घातली, काळा गॉगल चढवला. फ्लॅश उडाला. टोपी पॉलिस्टरची होती. ज्या जिल्ह्यात घरोघर कापूस पडून होता, त्या जिल्ह्याच्या लेकरांच्या डोक्यावर घाम न शोषणारं कापड आलं होतं, वर कोणाचं तरी नाव छापलेलं. उरलेल्या टोप्यांचं खोकं हेडमास्तरांच्या हातात देऊन, दोन शब्द बोलून, साहेब पुढच्या गावाला गेले. तिथंही लेकरं उभी होती म्हणे.

पौर्णिमा आज नागपूरला असते. एका रुग्णालयाच्या फोनवर ती लोकांना डॉक्टरांच्या वेळा सांगते, आवाज इतका स्वच्छ की लोक विनाकारण पुन्हा विचारतात. मानेवर त्या दिवसाचा एक डाग आहे, तो दरवर्षी डॉक्टरला दाखवून घ्यावा लागतो. ती छत्रीशिवाय बाहेर पडत नाही आणि मी उघड्या डोक्यानं बाजारात गेलो तर मला फोनवर रागावते. लोक मला सांगतात की आता किती जागृती झालीय, शाळाशाळांत कार्यक्रम होतात. मी विचारतो, कुठं होतात? मैदानात? किती वाजता? लोकांना वाटतं मी म्हातारपणी तिरसट झालोय. म्हातारपणाचा यात काही संबंध नाही.

त्या दुपारनंतर ती अंधाऱ्या खोलीत पडून होती. खिडकीला ओलं गोणपाट, अंगावर ताकात भिजवलेलं फडकं, डोळ्यांवर पट्टी. शोभा वणीहून परतली, तिनं पोरीची मान पाहिली, आणि पिशवी दारातच टाकून ताकाचं फडकं पुन्हा भिजवायला घेतलं. डॉक्टर म्हणाला, डोळ्यांची सूज उतरल्याशिवाय नजर किती राहिलीय ते सांगता येणार नाही. आम्ही वाट पाहत होतो. तिच्याकडे आधीच थोडं होतं. त्यातलंही गेलं का, एवढंच आम्हाला कळायचं होतं.

वार्षिक परीक्षा सुरू झाली होती. त्या कार्यक्रमानंतर चौथ्या की पाचव्या दिवशी दुपारी हेडमास्तर स्वतः घरी आले. डोक्याला हळदीचा लेप, काखेत प्रश्नपत्रिका. "वर्ष नाई बुडू द्याचं," एवढंच म्हणाले आणि कॉटजवळ स्टूल ओढून बसले. खोलीत अंधार म्हणून त्यांना वाचता येईना. मग ते दाराच्या फटीतून येणाऱ्या उजेडात कागद धरून एकेक प्रश्न वाचू लागले, आणि पट्टीखालून पौर्णिमा उत्तरं देऊ लागली.

पट्टी बदलायला शोभानं ती सोडली. पोरीनं डोळे उघडले, मिटले, पुन्हा उघडले. त्या फटीकडे पाहून म्हणाली, "सर, तुमच्या डोक्यावर पिवळं काय हाय?"

शोभा खाली बसली. तिनं पदर तोंडाला लावला. जे होतं ते राहिलं होतं.

हेडमास्तर हसायला गेले, पण ते त्यांना नीट जमलं नाही. पौर्णिमाला आता बोलायचं होतं. "सर, त्या दिवशी पाहुणे आले होते का?"

"आले होते ना बेटा. तुले टोपी नाई घातली का त्याइनं?"

"तो फोटोवाला नव्हता?" ती विचारात पडली. "कोणीतरी हनुवटी धरली मायी. मले तं निस्तं पांढरं पांढरं दिसे. बाबा, कसे होते पाहुणे?"

हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "सावलीत होते, बाई."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि तिला मनापासून बरं वाटलं होतं. "नाई तं त्याइचेबी डोळे दुखले असते."

हेडमास्तरांनी प्रश्नपत्रिका मांडीवर उलटी ठेवली. मग तीच म्हणाली, "सर, मंग सातचा पाढा म्हणू का?" आणि कोणी हो म्हणायच्या आत म्हणायला लागली.